अकराव्या नंबरची खुर्ची

पत्र: “गेले आठ महिने दर गुरुवारी साडेसात ते साडेदहा मी एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर गाण्यांचा ओपन माईक घेते, म्हणजे यादीत नाव लिहील त्याला गायला मिळतं. पहिल्या दिवशी पाच जण होते, आता यादीत पंधरा-सोळा नावं पडतात. तरी गाडी अडलीय. लोक येतात, आपली दोन गाणी म्हणतात आणि सोबतच्या मित्रांना घेऊन निघून जातात. शेवटचे दोघं-तिघं रिकाम्या खुर्च्यांसमोर गातात. एक ज्येष्ठ गृहस्थ दर वेळी वीस-वीस मिनिटं माईक सोडत नाहीत आणि त्यांना थांबवायची माझी हिंमत होत नाही. माईक मध्येच शिट्ट्या मारतो. कॅफेचे मालक म्हणतात, लोकांच्या ओळखीचीच गाणी घ्या, स्वतःची रचलेली नकोत. आणि खरं सांगू? हे सगळं मी सुरू केलं ते मला गायचं होतं म्हणून. गेल्या तीन महिन्यांत एकदाही गायले नाहीये. माझं नाव शेवटी लिहिते आणि तोवर झाडलोट सुरू होते. गायले तरी वरचे सूर पोचत नाहीत, ते वेगळंच. बंद करू का? — एक थकलेली यजमान”

प्रिय थकलेल्या यजमान,

प्रश्नाचं उत्तर आधी देते. बंद करू नका, पण पुढचे दोन गुरुवार सुट्टी घ्या. दारावर पाटी लावा, नेहमीच्या मंडळींना निरोप द्या, आणि त्या दोन आठवड्यांत शहरात दुसऱ्या कुणाचा ओपन माईक असेल तिथे जाऊन बसा. आपण यजमान आहोत हे सांगायचं नाही. यादीत नाव लिहायचं, मिळेल तो नंबर घ्यायचा आणि मुकाट वाट बघायची. मागचा नंबर मिळाला तर फारच उत्तम.

तुमच्या पत्रात दुसऱ्या कुठल्याच ओपन माईकचा उल्लेख नाही, म्हणून आठ महिन्यांत तुम्ही कुठे गेला नसाल असं धरून चालते. मीही जात नव्हते. मी सात वर्षं अशीच एक रात्र चालवली, आणि त्यातली पहिली दोन वर्षं मला वाटायचं की आपल्याकडे झकास चाललंय. यजमानाला तसंच वाटतं. ती संध्याकाळभर उभी असते, केबल उचलत असते, नावं पुकारत असते, तिला वेळ कळतच नाही. अकराव्या नंबरवाल्याला मात्र तो मिनिटामिनिटाने कळतो. तो साडेसातच्या ठोक्याला आलेला असतो. गिटार ठेवायला जागा नाही म्हणून ती दोन गुडघ्यांत धरून बसलेला असतो. आपला नंबर नऊला येईल की दहाला, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, त्यामुळे धड कुठे जाता येत नाही आणि धड ऐकताही येत नाही. आठव्या नंबरपर्यंत त्याची बोटं गार पडतात. नवव्याला सोबतचा मित्र घड्याळ दाखवतो. अशा माणसाने एकदाचं गाऊन घेतलं की तो पळतोच. तो काही बेइमान नाही, दोन तास अडकून पडल्यामुळे सुटलाय.

माझ्याकडे एक बासरीवाला मुलगा यायचा. एका रात्री त्याचा नंबर होता तेरावा. माझ्या ओळखीचे तिघं उशिरा उगवले, “आम्हाला लवकर निघायचंय” म्हणाले, आणि मी त्यांना मध्ये घुसवलं. प्रत्येकाला बजावलं, फक्त एकच गाणं हं. साडेदहाला त्याचं नाव पुकारलं तेव्हा तो जिन्याच्या दारात उभा होता. बासऱ्या कापडात गुंडाळून झाल्या होत्या आणि पिशवीच्या नाडीचं एक टोक दातात धरून तो गाठ मारत होता. नाव ऐकून त्याने वर पाहिलं, दातातली नाडी सोडली, हसला, मान हलवली आणि जिना उतरून गेला. परत आला नाही. तेव्हा मी शेजारच्या बाईंना काय म्हणाले ते अजून आठवतं: “आजकालच्या मुलांना धीरच नाही.” त्यानंतर महिनाभराने मी दुसऱ्या एका ठिकाणी पाहुणी म्हणून गेले, नंबर लागला चौदावा, आणि दहाव्याला मीच माझी पिशवी बांधायला घेतली.

आता जरा हिशोब करू. तुमच्याकडे तीन तास आहेत, म्हणजे १८० मिनिटं. दोन गाणी म्हणजे साधारण नऊ मिनिटं. एक उठतो, दुसरा बसतो, खुर्ची सरकवतो, केबल लावतो, माईकची उंची बदलतो, यात तीन मिनिटं जातात. नवख्या यजमान ही तीन मिनिटं कधीच धरत नाहीत. माणशी झाली बारा. सोळा माणसांची १९२. तुमचं सुरुवातीचं बोलणं आणि मधली सुट्टी धरून पंधरा मिनिटं वाढवा, २०७. म्हणजे कुणीही आगाऊपणा केला नाही तरी तुमची रात्र रोज सत्तावीस मिनिटं बुडीत आहे, आणि ते ज्येष्ठ गृहस्थ यायचेच आहेत. इथे लोकांच्या स्वभावापेक्षा गुणाकाराचा दोष जास्त आहे.

यावर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे यादी तेरा नावांवर बंद करायची आणि उरलेल्यांना “पुढच्या वेळी तुम्ही पहिले” असं लिहून द्यायचं. बऱ्याच ठिकाणी असंच चालतं आणि त्यात चूक काही नाही. पण तुमचं खरं दुखणं रिकाम्या खुर्च्यांचं आहे, म्हणून मी दुसरा सुचवते. पहिली फेरी प्रत्येकी एकाच गाण्याची ठेवा. गाणं चार मिनिटं, अदलाबदल तीन, माणशी सात. सोळा जण ११२ मिनिटांत आटोपतात. म्हणजे शेवटचा माणूससुद्धा साडेनऊ-पावणेदहाच्या आत गाऊन होतो, जेव्हा खोली अजून भरलेली असते. पंधरा मिनिटं बोलण्याची आणि सुट्टीची गेली तरी हातात ५३ मिनिटं उरतात. त्यात सात जणांना दुसरं गाणं मिळतं. ते सात कोण, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, आणि चिठ्ठ्या फक्त त्या वेळी खोलीत हजर असलेल्यांच्याच. आधी गेला त्याची चिठ्ठीच नाही.

बघा, यात तुम्हाला कुणाला “थांबा हो” म्हणून विनवावं लागत नाही. थांबण्यात आता त्यांचाच फायदा आहे. आणि चिठ्ठ्यांची गंमत अशी की लोक दुसऱ्याचं नाव निघालं तरी टाळ्या वाजवतात. मी एका जुन्या टोपीत चिठ्ठ्या टाकायचे. कुणीतरी लहान मूल आलेलं असलं तर त्याच्याकडून काढवून घ्यायचे, म्हणजे कुणी शंका घेत नाही.

पाहुणा कलाकार बोलवायचा असेल तर तोही इथेच कामी येतो. इंग्लंडातल्या फोक क्लबांत, म्हणजे लोकगीतांच्या मंडळांत, ही जुनी रीत आहे: हौशी मंडळी आधी एक-दोन गाणी म्हणतात, त्याला ‘फ्लोअर स्पॉट’ म्हणतात, आणि बोलावलेला पाहुणा त्यांच्यानंतर गातो. हौशांना आपोआप श्रोता व्हावं लागतं. दर आठवड्याला हा थाट नको, महिन्यातून एकदा पुरे. नाहीतर लोक पाहुण्यासाठी येऊ लागतात आणि यादी नुसती तोंडी लावायला उरते.

तुमचा वार गुरुवार आहे, त्याबद्दल एक. शहरात त्याच वारी दुसरं काही मोठं भरत असेल तर वार बदलायला लाजू नका. अशा रात्री पूर्वीपासून धंद्याच्या मंद वाराला होत आल्या आहेत. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमधल्या ‘गर्डीज फोक सिटी’ला सोमवारी हौशांची रात्र असे, तिला तिथे ‘हूटननी’ म्हणत. १९६१ साली बॉब डिलन नावाचा, पुढे जगभर गाजलेला पण तेव्हा अनोळखी असा एक पोरगा त्या सोमवारांत गायला, आणि त्याच एप्रिलमध्ये त्याच जागी जॉन ली हूकर या ब्लूज गायकाच्या आधी गायचं रीतसर काम त्याला मिळालं. ही गोष्ट ओपन माईकवाले जरा जास्तच सांगतात, मीही सांगितली. पण मला तिच्यात डिलनपेक्षा त्या सोमवारी ऐकायला बसलेल्या मंडळींचं जास्त कौतुक वाटतं. पुढे कोण काय होणार हे त्यांना थोडंच ठाऊक होतं.

आता ते ज्येष्ठ गृहस्थ. त्यांना तुम्ही खलनायक करू नका. वीस मिनिटं गाणाऱ्या माणसाला बहुतेक वेळा आठवडाभर ऐकणारं कुणी नसतं. पण म्हणून बाकीच्या पंधरा जणांनी त्याची किंमत का द्यावी? नियम माईकवर सांगायचा नसतो, नाव लिहून घेताना सांगायचा असतो, आणि सगळ्यांना सारखाच. यादीच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहा: एक गाणं, किंवा पाच मिनिटं, जे आधी संपेल ते. “जे आधी संपेल ते” हे शब्द विसरू नका, नाहीतर ते एकच गाणं अठरा मिनिटांचं निघेल. माझ्याकडे निघालं होतं, नऊ कडव्यांचं.

मग खूण ठरवा. माझ्याकडे मागच्या भिंतीवर एक छोटा दिवा होता. चार मिनिटं झाली की तो लागायचा. गाणाऱ्याला दिसायचा, ऐकणाऱ्यांची त्याच्याकडे पाठ. पाच मिनिटं झाली की मी उठून मंचाच्या कडेला येऊन उभी राहायचे, हसऱ्या चेहऱ्याने, हात टाळ्यांच्या तयारीत. कडवं संपून समेवर आलं की टाळ्या मीच सुरू करायचे. टाळ्या सुरू झाल्यावर पुढचं कडवं उचलणारा माणूस मला सात वर्षांत एकच भेटला. आणि हा दिवा पहिल्यांदा लावायचा तो तुमच्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीवर. ते गृहस्थ बघत असताना. त्यानंतर त्यांना काही समजवावं लागत नाही.

त्यांना एक कामही देऊन बघा. माझ्याकडच्या अशाच एका काकांना मी यादी सांभाळायला दिली. दोन आठवड्यांत ते माझ्यापेक्षा कडक झाले.

शिट्टीकडे वळू. माईकची शिट्टी हा शाप नाही, चक्र आहे. माईक स्पीकरचा आवाज ऐकतो, तो पुन्हा स्पीकरमध्ये जातो, माईक पुन्हा ऐकतो, आणि ज्या सुराला खोली जास्त साथ देते तो सूर बोंबलायला लागतो. डेन्मार्कचे पदार्थवैज्ञानिक सोरेन लार्सन यांनी याचा उलगडा केला म्हणून याला ‘लार्सन परिणाम’ असंही म्हणतात. सगळ्यात आधी स्पीकर कुठे ठेवलेत ते बघा. ते गाणाऱ्याच्या मागे भिंतीला लावलेले असतील, आणि छोट्या कॅफेत ते हमखास तिथेच असतात, तर बाकी काहीही करा, शिट्टी येणारच. स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून पायाशी मॉनिटर, म्हणजे त्याच्याकडे तोंड केलेला स्पीकर, ठेवत असाल तर साध्या कार्डिऑइड (समोरचं जास्त ऐकणाऱ्या) माईकला तो बरोबर पाठीमागून चालतो, कारण तो माईक पाठीमागचं सगळ्यात कमी ऐकतो. सुपरकार्डिऑइड (समोरच्या आणखी अरुंद पट्ट्यातलं ऐकणारा) माईक असेल तर मॉनिटर थोडा कडेला सरकवावा लागतो.

दुसरं कारण हात. तरणी मुलं माईकची जाळी मुठीत धरून गातात, तसं करताना रुबाबदार दिसतं म्हणून. माईकला एका दिशेचं ऐकू येतं ते जाळीच्या मागच्या बाजूने आत येणाऱ्या हवेमुळे. ती वाट मुठीने बुजवली की तो चहूबाजूंचं ऐकायला लागतो आणि बोंबलतो. हे त्यांना ओरडून सांगू नका. तुम्ही स्वतः माईक दांड्याला धरून नाव पुकारा, ते बघून धरतात.

आणि तिसरं, जे मला कळायला वर्ष लागलं: लाजरा गायक माईकपासून हातभर लांब उभा राहतो, आवाज येत नाही म्हणून आपण मिक्सरवर गेन, म्हणजे माईकचा आवाज उचलायचं प्रमाण, चढवतो, आणि शिट्टी तिथे जन्माला येते. अंतर निम्मं केलं की माईकपाशी आवाज साधारण सहा डेसिबलने वाढतो. हातभर अंतरावरून चार बोटांवर आलं तर मिक्सरला हातही लावावा लागत नाही. म्हणून गेन वाढवायच्या आधी दोन पावलं चालत जा आणि स्टँड त्याच्या तोंडाशी सरकवा. फार जवळ आल्यावर आवाज घुमायला, फुगायला लागतो. त्यासाठी मिक्सरवर लो-कट, म्हणजे अगदी खालचे सूर कापणारं बटण, असतो, तो दाबून ठेवा. गाणाऱ्याच्या माईकवर शंभर हर्ट्झच्या खाली कामाचं फार काही नसतंच.

महागडं काही घेऊ नका. शुअरचा एसएम५८ हा माईक १९६६ सालचा आहे आणि आजही जगभरच्या ओपन माईकवर तोच दिसतो, कारण तो पडतो, लाळेत भिजतो, आणि दुसऱ्या दिवशी चालतो. तसलेच दोन डायनॅमिक माईक, गिटारसाठी एक डीआय बॉक्स (गिटार मिक्सरला जोडायची डबी), आणि केबल लागतील त्यापेक्षा दोन जास्त. गिटारला पिकअप (आवाज उचलणारा भाग) नसेल तर दुसरा माईक बाराव्या फ्रेटसमोर, म्हणजे दांडीवरच्या बाराव्या पट्टीसमोर, वीतभर अंतरावर लावा, भोकासमोर नको, तिथे नुसती घरघर येते. जॅक घालताना-काढताना आधी चॅनल म्यूट, मग जॅक. नाहीतर जो ‘फट्’ आवाज होतो त्याने पहिल्या रांगेतली बाई उडते. शिवाय एक नऊ व्होल्टची बॅटरी खिशात ठेवा. बऱ्याच गिटारच्या पिकअपला ती लागते, जॅक तसाच लावून ठेवला की ती हळूहळू उतरत राहते, आणि ज्याची उतरते त्याला ते नेहमी तुमच्या मंचावर बसल्यावरच कळतं.

गप्पा वाढल्या की आवाज वाढवू नका. तुम्ही वाढवता, ते आणखी मोठ्याने बोलतात, तुम्ही आणखी वाढवता. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये गाण्याबजावण्याच्या जागांसाठी पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल मर्यादा सांगितली आहे. कॅफेच्या वरच्या मजल्यावर तिच्या आसपासही जायचं कारण नाही. उलट करून बघा: पुढच्या गाण्याला आवाज थोडा उतरवा. बोलणाऱ्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येतो आणि ते शरमतात. अमेरिकेत नॅशव्हिलला ‘ब्लूबर्ड कॅफे’ म्हणून जागा आहे, १९८२ ची, जेमतेम नव्वद खुर्च्यांची. सोमवारी तिथे ओपन माईक असतो, आणि गाणं चालू असताना शांत बसायचं ही त्या जागेची ओळखच झालीय. नियमाची पाटी तुम्हीही लावू शकता, पण पाटीआधी यजमानाने स्वतः गाणी चालू असताना कुजबुजणं बंद करावं. (मी मागे उभी राहून पुढच्या नंबरवाल्याशी बोलत असायचे. सगळ्यात मोठा आवाज माझाच असायचा.)

मालकांचं म्हणणं मला समजतं. ओळखीचं गाणं लागलं की लोक मान डोलावतात, मालकाला बरं वाटतं. पण त्यांना एक गोष्ट सांगा. १८४७ साली पॅरिसच्या एका कॅफेत एर्नेस्त बूर्जे हा गीतकार आपल्या संगीतकार मित्रांबरोबर बसला होता. मंचावर चाललेलं संगीत त्यांचंच होतं, परवानगी कुणी विचारली नव्हती. बूर्जेने पेयांचं बिल द्यायला नकार दिला: तुम्ही माझ्या गाण्याचे पैसे देत नाही, मग मी तुमच्या पेयाचे का देऊ? प्रकरण कोर्टात गेलं, बूर्जे जिंकला, आणि त्यातूनच १८५१ मध्ये ‘सासेम’ ही फ्रान्समधल्या गीतकार-संगीतकारांची संस्था उभी राहिली. आज बहुतेक देशांत अशा संस्था आहेत आणि लोकांच्या ओळखीची गाणी जाहीर जागी म्हणायला त्यांचा परवाना लागतो. तो साधारणपणे जागेच्या मालकाने घ्यायचा असतो, गाणाऱ्याने नाही. मालकांनी तो घेतलाय का, एवढंच गोड आवाजात विचारा. घेतला असेल तर ओळखीची गाणी बेलाशक होऊ द्या. नसेल तर स्वतःची गाणी रचणाऱ्यांवर त्यांचं प्रेम एकदम वाढेल; गाणारा कुठल्या संस्थेचा सभासद नसेल तर त्याच्या गाण्याला परवानगी त्याचीच.

माझं मत विचाराल तर नव्या रचनांसाठीच ओपन माईक असावा असंही नाही आणि ओळखीच्या गाण्यांसाठीच असावा असंही नाही. यादी लावताना तुम्ही थोडी चलाखी करू शकता. दोन नव्या रचना सलग आल्या की तिसरं कुणाच्या तरी ओळखीचं ठेवा. मालक तिसऱ्याला मान डोलावतात आणि पहिली दोन विसरून जातात. एक मात्र कराच: मोबाईलवर चित्रण करणाऱ्यांना आधी गाणाऱ्याला विचारायला लावा. कच्चं गाणं लोकांपुढे म्हणणं वेगळं आणि ते कायमचं कुणाच्या तरी फोनमध्ये जाणं वेगळं. हे ठरवल्यावर माझ्याकडे अर्धवट गाणी यायला लागली, आणि मला तीच जास्त आवडायची.

आता तुम्ही पाहुणी म्हणून जाल तेव्हाचं. शब्द मोबाईलवर असतील तर स्क्रीन बंद न होण्याची सोय करून घ्या आणि फोन फ्लाइट मोडवर टाका. एका मुलीच्या दुसऱ्या कडव्याला स्क्रीन काळी झाली. तिने अंगठा लावला, अंगठा घामेजलेला, उघडेना. तिने पुन्हा लावला. गिटारवाला तोच तुकडा फिरवत राहिला, चार वेळा, पाच वेळा, आणि ती मुलगी पँटला अंगठा पुसत होती. शेवटी मागून कुणीतरी ती ओळ गुणगुणली आणि सगळ्या खोलीने तिला पुढचे शब्द दिले. छान झालं, पण त्या भरवशावर जाऊ नका. गिटार नाव पुकारायच्या आधीच, जिन्यात जाऊन, सुरात लावून या. मंचावर बसल्यावर “घसा बसलाय”, “सराव नाही झाला” हे म्हणू नका, तोवर कुणाला त्याची शंकाही आलेली नसते. आणि तुमचं झाल्यावर निदान पुढचे दोन जण ऐकून उठा.

ज्या ठिकाणी जाल तिथे यजमान काय करतो तेही टिपा, पण वहीत नाही. त्याने तुम्हाला नंबर सांगितला का, की फक्त “येईल, येईल” म्हणाला? तुमचं नाव त्याने नीट उच्चारलं का? गाणं झाल्यावर तो तुमच्याकडे बघत होता की पुढच्याची केबल सोडवत होता? आणि तुम्हाला नेमकं कितव्या नंबरला उठून जावंसं वाटलं? तो आकडा घरी घेऊन या. तुमच्या खोलीतले लोकही साधारण त्याच आकड्याला उठत असणार, मधली सुट्टी त्याच्या एक नंबर आधी ठेवा.

शेवटी तुमच्या गाण्याचं. वरचे सूर पोचत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. माझा अंदाज असा की तुम्ही मूळ ध्वनिमुद्रणाच्या पट्टीतच गाताय, कारण ट्रॅक त्याच पट्टीत मिळतो किंवा गिटारवाल्याने तसंच बसवलंय. ती पट्टी त्या गायकाच्या गळ्याची आहे, तुमच्या नाही. घरी पेटी किंवा की-बोर्ड घेऊन बसा. गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा, तो न ओरडता लागेल अशी पट्टी ठरवा, मग सगळ्यात खालचा सूर तिथे पुटपुटल्यासारखा होत नाही ना ते बघा. समजा तुमची निघाली काळी चार. गिटारवाल्याला ते ऐकून घाम फुटेल, कारण त्या पट्टीत मोकळ्या तारा हाताशी येत नाहीत. त्याला सांगायचं, कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) पहिल्या फ्रेटवर लाव आणि जी (G) पट्टीत वाजवतोस तसंच वाजव. तो खूश, तुम्ही खूश.

आणि नाव शेवटी लिहिणं बंद. यजमानाने पहिलं गाऊ नये, ते मिरवल्यासारखं दिसतं आणि खोलीही अजून बसलेली नसते. पाचव्या-सहाव्याला खोली तापते, म्हणून तुमची जागा सातवी. तेवढा वेळ यादी तुमच्या त्या ज्येष्ठ गृहस्थांकडे द्या. तुमच्यासाठीही पाच मिनिटं आणि तुमच्यासाठीही मागच्या भिंतीवरचा दिवा. तो लावायची परवानगी त्यांना आधीच देऊन ठेवा. ते लावतील, अगदी चार मिनिटांच्या ठोक्याला.